सगळ्यांना एकच वेळ

सईच्या हॉस्पिटलात गेल्या महिन्यात तीन दिवसांचं एक प्रशिक्षण झालं. ती तिकडे इंग्लंडात फिजिओथेरपिस्ट आहे. निरनिराळ्या धर्मांची, भाषांची, ऐपतीची माणसं दवाखान्यात येतात, त्या प्रत्येकाला नीट सेवा मिळावी म्हणून कर्मचाऱ्यांनी काय शिकायला हवं, असा विषय. फोनवर मला म्हणाली, आजी, तुमच्या वेळी असलं काही होतं का? मी म्हटलं, आम्हाला शिकवावं लागलं नाही. माझ्या वॉर्डात सगळे सारखे.

सई हसली. म्हणाली, "आजी, पहिल्याच दिवशी हेच वाक्य फळ्यावर लिहितात आणि खोडतात."

मी विषय बदलला. तिच्या आंब्याच्या पोळ्या पोचल्या का ते विचारलं. निहार, तू लहानपणापासून म्हणतोस की आजीनं विषय बदलला की समजावं, काहीतरी आहे. आहेच.

या अंकाच्या संपादक बाईंनी माझ्याकडे नोकरीतले अनुभव मागितले तेव्हा त्यांना गमतीचे हवे होते. तसेही आहेत. एक सांगते. पण हे लिखाण मी तुम्हा दोघांसाठी करते आहे, आणि तुम्हाला सांगायचा अनुभव गमतीचा नाही. चौतीस वर्षं मी रोजचा रिपोर्ट इंग्रजीत लिहिला. आमचं शिक्षणच इंग्रजीत, आणि इस्पितळाची रीतही तीच. ही गोष्ट त्या रिपोर्टांत कधी आली नाही. जी आली ती निराळी होती. म्हणून ही मराठीत लिहिते.

आधी आमचा धंदा काय तो सांगते, म्हणजे पुढचं कळेल. रत्नागिरीतलं आमचं इस्पितळ धर्मादाय, ट्रस्टचं. 1998 साली बायकांच्या वॉर्डाची मी इन-चार्ज झाले. चौदा खाटा. वॉर्डची सिस्टर रोग बरा करत नाही. रोग बरा व्हायला जे जे वेळेवर व्हावं लागतं ते ती वेळेवर करून घेते. सकाळी सातला ड्यूटी हातात घ्यायची, सव्वासातला इंजेक्शनं, साडेसातला नाश्ता, नऊला डॉक्टरांचा राउंड, साडेबाराला जेवण, चार ते सहा भेटीची वेळ, सहाला घंटा. चादरी मोजायच्या, किल्ल्या कमरेला ठेवायच्या. जेवणाच्या ताटल्या परत आल्या की त्या पाहायच्या आणि कागदावर खूण करायची, कुणी खाल्लं, कुणी नाही. माझ्या हाताखालच्या मुली मला घड्याळबाई म्हणायच्या. मला माहीत होतं आणि आवडायचं.

मी आले तेव्हा वॉर्डच्या दाराशी पाण्याच्या पिंपावर दोन मग होते. एक साधा, दुसऱ्याच्या कानाला लाल दोरा. दोरा कशाला, असं मी विचारलं तर कुणी धड सांगेना. शेवटी आमच्या आयाबाई मावशींनी खालच्या आवाजात सांगितलं की तो "त्यांचा". त्यांचा म्हणजे कुणाचा हे मला कळलं. मी दोरा कात्रीनं कापला आणि दोन्ही मग एकाच साखळीला बांधले. बारा नंबरची खाटही अशीच. ती संडासाच्या दाराजवळ होती आणि विशिष्ट वस्तीतल्या बायकांच्याच वाट्याला नेमकी यायची. मी नियम केला, येईल त्या क्रमानं खाट. आठवड्यातच शहरातल्या एका बड्या घरच्या काकू गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आल्या आणि त्यांच्या नशिबी बारा नंबर आला. मुलगा तणतणला, एका ट्रस्टींचा फोन आला. मी फोनवर सांगितलं की खाट बदलेन, पण मग लेखी कारण द्या. लेखी काही आलं नाही. पाचव्या दिवशी काकूंनी मला जवळ बोलावून सांगितलं, "सिस्टर, मुलाला बोलू नका, पण या गुडघ्यांना संडास जवळ हवा हे तुम्हालाच सुचलं."

ही ती गमतीची गोष्ट. ही मी पुष्कळदा सांगितली आहे, हळदीकुंकवात, निरोपसमारंभात. ती खरी आहे. आणि तिचा मला अभिमान आहे, तोही खरा. पण त्या अभिमानानंच माझे कान बंद केले, हे मला पुढे सहा वर्षांनी कळलं.

2004 साली दिवाळी आणि रमजानचे शेवटचे दिवस एकत्र आले होते. दिवाळीच्या आधी दहाबारा दिवस मैमुना आमच्याकडे दाखल झाली. वय एकतीस. सासर दाभोळचं. खाडीच्या खडकांवर कालवं काढायला गेलेली असताना कवचानं तळपाय कापला होता. साखरेचा आजार तिला होताच, जखम चिघळली. नणंद रत्नागिरीत राजिवड्याला राहायची, म्हणून सासू हलिमाबी तिला घेऊन इथे आली. सात वर्षांची मुलगी गावी जावेकडे ठेवली होती. नवरा कुवेतला ट्रक ड्रायव्हर. शेजारच्या देशात तेव्हा लढाई चालू होती, त्या बाजूला माल घेऊन जाणाऱ्या ड्रायव्हरांच्या वाईट बातम्या येत होत्या, आणि दोन महिने त्याचा फोन नव्हता. हे सगळं मला नंतर कळलं. दाखल करताना मी विचारलं ते नाव, वय, पत्ता, औषधांची ॲलर्जी.

तिला सात नंबर मिळाला. आठ नंबरला गंगाबाई, दम्याच्या. कोळीण, साठीच्या पुढच्या, माहेर हर्णैचं. हर्णैच्या संध्याकाळच्या लिलावात आयुष्यभर ओरडलेला आवाज, तो दम्यानंही बसला नव्हता. दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं. दोघींच्या बोलण्यात मासे आणि होड्या. कुठल्या खाडीत कालवं मोठी, कुठल्या मतलई वाऱ्याला कुठली मासळी. गंगाबाई मला म्हणाल्या, "सिस्टर, हिला इथनं हलवू नको गो. ही नि मी दोघी मिळून एक शाणी बाय व्हतो."

मैमुनाला ताप होता तोवर तिनं रोजे धरले नाहीत. सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन चालू होतं. इन्सुलिनची सुई टोचली की अर्ध्या तासात पोटात अन्न जावं लागतं. गेलं नाही तर रक्तातली साखर उतरत जाते. घाम फुटतो, हात कापतात, गुंगी येते. त्याच्याही खाली गेली तर शुद्ध जाते, आणि जास्त वेळ तसंच राहिलं तर मेंदूचं कायमचं नुकसान होतं. म्हणून सव्वासातला सुई आणि साडेसातला ताटली. या दोन्ही वेळा मी कधी पाच मिनिटंही सरकू दिल्या नाहीत.

आठवड्यानं ताप उतरला, जखम कोरडी व्हायला लागली. सुट्टीच्या आधीच्या चादरींची मोजदाद चालू होती. मी कपाटासमोर उभी, मोजत होते. मैमुना लंगडत माझ्यापर्यंत आली. माझ्या पाठीमागे थांबली. मी सत्तावीसवर होते.

ती म्हणाली, "सिस्टर, सकालची सुई मगरीबनंतर दिलीत तर चालंल काय? जेवान पन मी तवाच घेईन. पाचच रोजं ऱ्हायलेत."

मगरीब म्हणजे सूर्यास्ताची नमाज, एवढं मला ठाऊक होतं. मी वळले नाही. मोजणी चुकली असती. म्हटलं, "इथे चौदा बायका आहेत. प्रत्येकीचं घड्याळ वेगळं झालं तर मी काय करू? सगळ्यांना एकच वेळ." आणि वर म्हटलं, "आजारी माणसानं उपास करायचा नसतो. तुमच्यातसुद्धा."

ती म्हणाली, "बरं." आणि गेली. चादरी चव्वेचाळीस भरल्या, बरोबर.

मी जे म्हणाले ते तसं चूक नव्हतं. आजाऱ्याला रोजा माफ असतो हे तिला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. पण ती नवऱ्याच्या खुशालीसाठी नवस बोलली होती. उरलेले रोजे नीट पार पडले तर फोन येईल, असं तिच्या मनानं घेतलं होतं. मी एक प्रश्न विचारला असता, का गं, तर हे कळलं असतं. नऊच्या राउंडला डॉक्टरांच्या कानावर घातलं असतं तर त्यांनी एक तर सुयांच्या वेळा आणि मात्रा बदलल्या असत्या, नाहीतर धोका काय आहे तो खाटेवर बसून तिला समजावला असता. राजिवड्याच्या मौलवींना बोलावलं असतं तर ते येऊन तिची समजूत काढून गेले असते. मी डॉक्टरांना सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही आहे असं मला वाटलंच नाही. पेशंटनं विचारलं, सिस्टरनं नियम सांगितला, पेशंट बरं म्हणाली.

आणि आता जे लिहिते ते मला लिहायला जड जातं. आमच्या आहाराच्या छापील कागदावर एक रकाना होता, "उपासाचे". एकादशीला, नवरात्रात, संकष्टीला त्यात मी आकडा लिहायचे आणि स्वयंपाकघरातून तेवढ्या ताटल्या साबुदाण्याच्या खिचडीच्या यायच्या. सहा वर्षं मी तो रकाना भरत होते. संकष्टीला मी स्वतः माझी रक्तदाबाची गोळी चंद्रोदयानंतर, जेवणावर घ्यायचे. डॉक्टरांना विचारूनच. तो मला नियमाला अपवाद कधी वाटला नाही. माझ्या वॉर्डात सगळ्यांना एकच वेळ होती, आणि ती माझी होती.

दुसऱ्या दिवसापासून मैमुना लपून रोजे धरायला लागली. हलिमाबी रोज पाचला डबा घेऊन यायची. सहाच्या घंटेला मी सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचे. त्या दिवसांत सूर्य नेमका सहाच्या सुमाराला मावळतो. हलिमाबी बाहेरच्या पायरीवर बसून एकटी खजूर तोंडात टाकायची आणि मैमुना आत खाटेवर. सून रोजे धरते आहे हे सासूलाही माहीत नव्हतं. डब्यातल्या दोन चपात्या आणि खजूर मैमुना उशाखाली ठेवायची आणि फटफटायच्या आधी खायची. सकाळी सुई घ्यायची, कुरकुर न करता. मग ताटली आली की मावशींची पाठ वळेपर्यंत थांबायची आणि गंगाबाईंकडे सरकवायची. दुपारचं जेवणही तसंच. गंगाबाई दोन्ही ताटल्या चाटून पुसून परत द्यायच्या. त्यांना वाटलं, पोरीच्या पुण्याला आपला हातभार. सुईचं आणि अन्नाचं नातं त्यांना कुणी सांगितलं होतं? मी नव्हतं सांगितलं.

ताटली रिकामी, मी खूण केली. खाल्लं.

एक गोष्ट आणखी झाली. सकाळी सहा वाजता रक्त घेतात ते रिकाम्या पोटीची साखर पाहायला. तिनं तासाभरापूर्वीच खाल्लेलं असायचं. साखर चढलेली दिसली. डॉक्टरांनी माझ्या कागदावरच्या खुणा पाहिल्या, आहार नीट चालू आहे, मग साखर का वाढते, म्हणून सकाळची मात्रा वाढवली. त्यांची यात काय चूक. माझा कागद कधी खोटा नसतो हे साऱ्या इस्पितळाला ठाऊक होतं.

दिवाळीची पहिली सकाळ. निम्म्या मुली सुट्टीवर. ट्रस्टकडून प्रत्येक खाटेला चकली आणि चिवडा आला होता, मी वाटत होते. सात नंबर तोंडावरून ओढणी घेऊन झोपली होती. मी तिची पुडी उशाशी ठेवली. गंगाबाई म्हणाल्या, "निजूं दे तिला, दमली हाय." मी म्हटलं, निजू दे. साडेअकराला गंगाबाईंची हाक आली, लिलावातल्या आवाजात. मी धावले. ओढणी घामानं चिंब भिजली होती, दात आवळलेले, हातपाय झटकत होते. शिरेतून साखर दिली, डॉक्टर आले, पुन्हा दिली. साखर वर आली. मैमुना आली नाही. डोळे उघडे होते, पण ते कुणाकडे पाहत नव्हते.

गंगाबाईंनी तिथेच सगळं सांगितलं. मी खाल्लंय, मी खाल्लंय, एवढंच त्या म्हणत होत्या. दम लागला तरी थांबेनात.

मैमुना अजून दोन दिवस होती. तिसऱ्या दिवशी पहाटे गेली. ईद अजून व्हायची होती. नवऱ्याचा फोन राजिवड्याला नणंदेकडे ईदच्या दिवशी आला. तो ठीक होता. मालकानं दुसऱ्या कामावर घातला होता आणि तिथे फोनची सोय नव्हती, इतकंच.

चौकशी झाली. डॉक्टर स्वतः हादरले होते, पण मला काही बोलले नाहीत. मी जबाब लिहून दिला, इंग्रजीत, स्वच्छ अक्षरात. पेशंट कर्मचाऱ्यांना न कळवता उपवास करत होती. अन्न शेजारच्या पेशंटला देत होती. यातलं एकही अक्षर खोटं ठरत नाही. रोजे ती लपूनच धरत होती. त्याच्या आदल्या दिवशी तिनं लपवलं नव्हतं, ते मी लिहिलं नाही. ट्रस्टचं समाधान झालं. एका ट्रस्टींनी माझ्या पाठीवर हात ठेवून सांगितलं की अशा लोकांपुढे तुम्ही तरी काय करणार. ते "अशा लोकांपुढे" मी ऐकून घेतलं. ज्या बाईनं दोरा कापला होता तिनंच.

ईदनंतर दोनतीन दिवसांनी हलिमाबी तिचं सामान न्यायला आली. एक पिशवी, चपला, जपाची तसबीह, जेवणाचा डबा. मी प्रत्येक वस्तू कागदावर लिहून तिच्या हातात दिली. तिनं ईदचा शीरखुर्मा आणला होता, किटलीतून. वॉर्डातल्या सगळ्या बायकांसाठी. सून गेलेल्या घरातून. मावशींनी चौदा वाट्या भरल्या. मग हलिमाबी माझ्या टेबलाशी आली. म्हणाली, "बाई, एक इचारू? ती मला बोलली होती, सिस्टरला इचारते म्हणून. सुईचं. इचारलान काय तिनी तुमाला?"

गंगाबाई आठ नंबरवर बसल्या होत्या. मैमुनानं त्यांना सांगितलं होतं, हे मला त्यांच्या डोळ्यांत दिसलं.

मी म्हटलं, "नाही. मला नाही विचारलं."

हलिमाबीनं मान हलवली. "नसंल इचारलान. लाजरी होती. आनि हट्टी." किटली घेऊन ती गेली. गंगाबाईंनी भिंतीकडे तोंड केलं. त्या अजून चार दिवस वॉर्डात होत्या, माझ्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. जाताना मात्र दाराशी थांबल्या आणि म्हणाल्या, "मी खाल्लान ता मी बोलले. तुजा तू बग."

त्यानंतर मी दाखल होण्याच्या कागदावर तळाशी हातानं एक ओळ वाढवली. उपास, रोजे, घरची रीत, काय वेळा पाळता? हे मी प्रत्येकीला बसून विचारायचे. इन्सुलिन कुणालाही सुरू झालं की सुई आणि अन्न यांचं नातं तिला, तिच्या माणसांना आणि शेजारच्या खाटेलाही सांगायचे. पुढच्या रमजानात तिघींच्या वेळा डॉक्टरांनी बदलल्या. एकीला बदलणं शक्य नव्हतं, तिला तिच्या भावानं समजावलं, तिनं ऐकलं. भेटीची वेळ रमजानपुरती साडेसहापर्यंत केली. काही बिघडलं नाही. चादरीही भरायच्या बरोबर. लोक म्हणायचे, घड्याळबाई मऊ झाल्या. सई, तुमच्या प्रशिक्षणात जे शिकवतात ते मी असं शिकले. पण हे सांगून मी सुटत नाही. वॉर्ड सुधारला, दाभोळचं घर तसंच राहिलं.

2009 साली निवृत्त झाले. निरोपसमारंभात बारा नंबरच्या काकूंची गोष्ट सांगितली, लोक हसले, आणि घरी येऊन मी ठरवलं. पुढच्या आठवड्यात गुहागरची एसटी धरली. वाटेत हेदवीला उतरून दशभुजा गणपतीपुढे उभी राहिले. मागायला काही सुचलं नाही. पुढे धोपाव्याला गेले आणि तरीत बसून खाडी ओलांडली.

हलिमाबीनं मला ओळखलं. पडवीत खुर्ची दिली, पाणी दिलं, मुलगा कुवेतहून सुट्टीवर आलाय, आत निजलाय, म्हणाली. खूप म्हातारी झाली होती. सुपात सुकी मासळी निवडत होती, निवडत राहिली. मी एका दमात सांगितलं. तिनं विचारलं होतं. मी नाही म्हटलं होतं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले.

तिचे हात थांबले. मग बोलली ती माझ्याशी नव्हे, सुपाशी बोलावं तशी. पाच वर्षं या घरात रमजान आला की तेच निघतं, म्हणाली. मुलगा येतो, जेवायला बसतो आणि म्हणतो, लपवलंन, येडीनं जीव घालवलान. गावातल्या बायका सुनांना सांगतात, मैमुनासारखी लपवाछपवी करू नको. पोरगी ऐकते. पोरीशी कुणी भांडलं तर तेच काढतात. "मी पन बोललंय तिला," हलिमाबी म्हणाली. "तुजी आय हट्टी होती, असा मीच बोललंय."

मी माफी मागितली. तिनं ते शब्द ऐकल्याचंही दाखवलं नाही. घरात तोंड करून हाक मारली. नसरीन.

बारा वर्षांची मुलगी बाहेर आली, ओले हात ओढणीला पुसत. आईचाच चेहरा. हलिमाबी मला म्हणाली, "मला सांगून काय व्हतंय. आता हिला सांगा."

चौतीस वर्षांत मी नातेवाइकांना पुष्कळ वाईट बातम्या दिल्या आहेत. कशा द्यायच्या हे नव्या मुलींना शिकवलं आहे. त्या पडवीत मला त्यातलं काही आठवलं नाही. मी म्हटलं, "तुझ्या आईनं लपवलं नव्हतं, बाळ. तिनं आधी मला विचारलं होतं. मी ऐकलं नाही. चूक माझी होती."

नसरीननं विचारलं, "काय बोलली होती ती?"

मी सांगितलं. सकाळची सुई मगरीबनंतर दिली तर चालेल का. जेवणही मी तेव्हाच घेईन. पाचच रोजे राहिलेत.

"परत सांगा."

मी परत सांगितलं. तिचे ओठ माझ्याबरोबर हलत होते. मग तिनं मान हलवली, माझं नीट नाही अशी. आणि स्वतः म्हणून पाहिलं, हळू, एकेक शब्द जागेवर ठेवत. "सिस्टर, सकालची सुई मगरीबनंतर दिलीत तर चालंल काय."

पाठीमागे कपाट उघडं असल्यासारखं मला वाटलं. या वेळी मी वळून तिच्याकडेच तोंड करून बसले होते. पाच वर्षं उशिरा. हलिमाबीनं सूप बाजूला ठेवलं होतं आणि पदरानं तोंड झाकून घेतलं होतं.

"अशी बोलली ना?" नसरीननं विचारलं.

मी म्हटलं, "हो. अगदी अशीच."

"बरं," ती म्हणाली, आणि बापाला सांगायला आत गेली.